गाडी गेटात दिसेपर्यंत

छावणी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

प्रिय मित्र आणि आमच्या स्टँडचा एके काळचा आवाज, मधुसूदनराव यांना सर्जेरावचा मनापासून जय भीम. कालिंदीवहिनींना नमस्कार आणि चिरंजीव विश्वजितला आशीर्वाद. (वर गावाचं नाव लिहिताना सवयीनं औरंगाबाद लिहिलं होतं, मग कागद बदलला. तुम्ही इथून गेलात तेव्हा पाटी वेगळी होती, आता वेगळी आहे. पोस्टमन मात्र तोच आहे, तेव्हा उत्तर पाठवाल ते पोचेल.) तुमचे गुडघे बेंगळुरूच्या हवेत कसे आहेत? दातांची नवी कवळी बसली का, की अजून वाटीतच असते? विश्वजितच्या सातव्या मजल्यावरून खाली उतरायला तुम्हाला सोबत लागते असं वहिनी म्हणाल्या होत्या. ज्या माणसाच्या एका शब्दावर अख्खा स्टँड उठायचा आणि बसायचा, त्याला लिफ्टची भीती वाटावी याचं मला फार वाईट वाटलं. हसूही आलं, पण ते नंतर.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पत्र पाहून दचकू नका. फोन केला नाही याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. सगळी नोकरी कंट्रोलरच्या खिडकीतून ओरडून माझा आवाज असा झाला आहे की मी फोनवर कुजबुजलो तरी समोरच्या बाया फोडणी थांबवून ऐकतात. आणि यातल्या काही गोष्टी आमच्या हिच्या, मालनच्या, कानावर जाऊ द्यायच्या नाहीत. म्हणून तिला दुपारची झोप लागल्यावर ओट्यावर बसून लिहितो आहे.

तुम्हाला माहीतच आहे की आमचा इंद्रजीत चितेगावच्या कारखान्यात फिटर होता तो तेल वाहणाऱ्या जहाजावर गेला. इंजिनखात्यात आहे. पोराला पाणी म्हणजे हर्सूलचा तलाव एवढंच माहीत होतं, पण हाताला कसब आहे आणि मुंबईच्या एजंटानं सांगितलं की समुद्रावर फिटरला मान आहे, म्हणून गेला. त्याचा करार उन्हाळ्याच्या तोंडाशी संपणार होता. उतरला की लग्न. मुलगी निशा, देवगाव रंगारीच्या राजकुमार गुरुजींची, शिकलेली आणि कमी बोलणारी (आमच्या घरात कोणीतरी कमी बोलणारं हवंच होतं). विहारात साधं लग्न करायचं ठरलं. मालननं तर महिनाभर आधीच येसराचा मसाला भाजून, कुटून, डबा भरून ठेवला. लग्नात येसराची आमटी नसली तर लोक लग्न झालं असं धरत नाहीत हे तिचं मत आहे आणि त्याला माझा विरोध नाही.

आता मध्ये आले साहेब. तुम्ही बातम्या पाहता, म्हणजे कोण ते कळलं असेल. त्या लांबच्या, मोठ्या देशाचे प्रमुख. नाव लिहीत नाही. आमच्या घरात मी त्यांना साहेब म्हणतो आणि मालन मुडदा म्हणते. साहेबांची सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ. ते उठतात, फोन हातात घेतात आणि जगाला काहीतरी कळवून टाकतात. एका सकाळी कळवलं की आखाताच्या तोंडाशी समुद्राची जी चिंचोळी वाट आहे ती बंद, जो जाईल तो बुडेल. न्याहारी झाल्यावर कळवलं की पलीकडच्या देशाचा प्रमुख फार छान माणूस आहे, वाट खुली. झोपण्याआधी कळवलं की त्या छान माणसाला उद्यापर्यंतची मुदत आहे, नाहीतर त्याचा देश नकाशात शोधावा लागेल. दुसऱ्या दिवशी मुदत वाढवली, का तर साहेबांचा कसलासा सामना बघायचा राहिला होता म्हणे. त्यांच्या संरक्षणमंत्र्यालाही हे सगळं आपल्याबरोबर टीव्हीवरच कळतं. परवा तो बिचारा एका वार्ताहरालाच विचारत होता की साहेब नक्की काय म्हणाले. आणि इंद्रजीतचं जहाज त्या वाटेच्या आतल्या अंगाला, तेलानं भरलेलं, नांगर टाकून उभं. वाट खुली म्हणाले की इंजिन सुरू करायचं, बंद म्हणाले की बंद करायचं. पोरगा म्हणाला होता, बाबा, मी जहाजावर नोकरीला नाही, त्या माणसाच्या फोनवर नोकरीला आहे.

जगाच्या राजकारणातलं मला काही कळत नाही, मधुसूदनराव. पण फलाट म्हणजे काय ते कळतं. ती दिवाळी आठवते? तुम्ही आजारी होता आणि तुमच्या जागी तो बदलीवाला आला होता, ज्याला माइक हातात आला की अंगात यायचं. फलाट चारवर पैठण म्हणाला, माणसं बोचकी घेऊन चारवर धावली. मग नऊ म्हणाला. मग पुन्हा चार. मग म्हणाला, पैठण रद्द. आणि लोक आगारप्रमुखाच्या खोलीकडे वळले तेव्हा म्हणाला, पैठण लागलेली आहे, त्वरा करा. गाडीला काही झालं नव्हतं. रस्त्याला काही झालं नव्हतं. ड्रायव्हर चहा पीत होता. तरी एका म्हातारीचा हात मोडला आणि दोन भले गृहस्थ एकमेकांच्या गचांड्या धरून उभे होते, दोघंही पैठणचेच. गाडी उशिरा आल्यानं माणसं मरत नाहीत, उलटसुलट सांगितल्यानं मरतात. म्हणून तर तुम्ही आणि मी मिळून तो नियम केला होता. गाडी गेटात दिसेपर्यंत फलाट सांगायचा नाही. कोणी कितीही खिडकीवर हात आपटो, कोणाच्याही ओळखीचा असो. आपल्या स्टँडवर जे कळत होतं ते एवढ्या मोठ्या देशाला कळत नाही? असल्या माणसाच्या हातात माइक दिला कोणी? आपल्या आगारात ड्रायव्हर नुसता जास्त बडबडायला लागला तरी आपण त्याची ड्यूटी कापून त्याला विश्रांतीगृहात झोपायला लावायचो. तिथं ड्यूटी कापणारा कोणी दिसत नाही. सगळे गाडीतच बसलेले आहेत, आणि गाडी चालू आहे.

तर हे झालं साहेबांचं. आता माझं ऐका, आणि वहिनींना वाचून दाखवताना हा भाग गाळा.

मालन दर घटकेला विचारायची, निघाला का, निघाला का. टीव्हीवरचं तिला कळायचं नाही, कारण टीव्हीवाल्यांनाही कळायचं नाही. शेवटी मी जुन्या बाजारातून एक काळा फळा आणला आणि ओट्यावर टांगला. आपल्या खिडकीबाहेर असायचा तसाच. मार्ग, वेळ, शेरा असे रकाने पाडले. मार्गाखाली लिहिलं, आखात ते छावणी. वेळेचा रकाना कोरा. शेऱ्यात लिहिलं, उशिरा. मालनला फार बरं वाटलं. नवऱ्याचं अक्षर तिला निदान वाचता येत होतं. येता-जाता पदराच्या टोकानं ती त्याची कड पुसायची. मलाही, खोटं कशाला बोलू, निवृत्तीनंतर प्रथमच अंगात जीव आल्यासारखं वाटलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून फळ्याखाली बसायला लागलो.

चूक अशी झाली की ओटा रस्त्यावर आहे. आधी शेजारचा कडुबा आला. कडुबाला तुम्ही ओळखत नाही, त्याचं पंक्चरचं दुकान आहे आणि जगात कुठंही काहीही झालं तरी ते त्याला आधीच माहीत असतं. त्यानं फळा वाचला आणि सगळ्या गल्लीला सांगितलं की सर्जेरावांकडे आतली खबर येते, पोरगा तिकडंच आहे. झालं. लोक दूध आणायला जाताना फळा वाचायला लागले. फळ्यावर "उशिरा" असलं की पेट्रोल भरून ठेवायचे. भाजीवालीनं तर शेरा बघून कांद्याचा भाव सांगायला सुरुवात केली. एकदा छावणीतून लष्कराचा ट्रक कोबीची पोती घेऊन गेला, तर कडुबा म्हणाला, "बगा काका, साठा चाललाय. आता काय खरं नाय." मी म्हणालो, अरे, जवान रोज जेवतात. तो म्हणाला, "रोज एवढा कोबी खात न्हाईत." खरं सांगायचं तर मलाही तो कोबी जरा जास्तच वाटला होता.

आणि मग तो बुधवार. संध्याकाळी साहेबांनी कळवलं की आता सगळं मिटलं, कायमचं मिटलं, असं मिटणं जगाच्या इतिहासात कधी मिटलं नव्हतं, आणि समुद्र खुला. टीव्हीवर त्यांनी त्या पलीकडच्या प्रमुखाशी हातसुद्धा मिळवले. मालन माझ्याकडे बघत होती. मधुसूदनराव, तुम्ही त्या वेळी शेजारी असता तर माझा हात धरला असता. गाडी गेटात दिसली नव्हती. पोराचा फोन आला नव्हता. सगळी हयात ज्यानं आमदाराच्या मेव्हण्यालासुद्धा गाडी दिसेपर्यंत फलाट सांगितला नाही, त्या मी उठून फळा पुसला आणि शेऱ्यात लिहिलं, निघाला. इतकंच नाही, कोऱ्या ठेवलेल्या वेळेच्या रकान्यात लिहिलं, पुढचा रविवार.

मालननं ते वाचलं आणि दारातच खाली बसली. मग उठली आणि जी सुरू झाली ती थांबेना. देवगाव रंगारीला फोन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच राजकुमार गुरुजी, निशा आणि टेम्पोभर पाहुणे तारीख धरायला दारात हजर. येसराचा डबा उघडला. तो वास सगळ्या गल्लीत गेला आणि ज्यांना बोलावलं नव्हतं तेही आले. मांडववाला येऊन ओट्याचं माप घेऊन गेला. कडुबानं फळ्याला हार घातला (हार जिवंत माणसाच्या नावाला घालू नये म्हणून मालननं तो लगेच काढला, आणि मला ते बरं वाटलं नाही, म्हणजे तिचं काढणं नव्हे, त्याचं घालणं). पाहुणे जेवायला बसले होते, पहिली आमटी वाढून झाली होती, आणि आत टीव्ही चालू होता. साहेबांना तिकडे झोप लागली नसावी. त्यांनी कळवलं की कालचं हस्तांदोलन त्यांना आवडलं नव्हतं, समोरच्याचा हात गार होता, आणि वाट बंद. या वेळी अगदी बंद.

गुरुजींनी हातातला घास पानात ठेवला. निशा उठली, फळ्यापाशी गेली आणि नुसती बघत उभी राहिली. पुसायला हात उचलला आणि खाली घेतला. तो लिहिणाऱ्यानंच पुसायला हवा होता. मी पुसला आणि शेऱ्यात लिहिलं, रद्द.

माझ्या अक्षरात तो शब्द फार ठळक येतो, तुम्हाला माहीत आहे. लांबून दिसावा म्हणूनच तशी सवय केली होती. गल्लीच्या टोकावरून कोणीतरी वाचला. समुद्र रद्द म्हणजे तेल रद्द, तेल रद्द म्हणजे गॅस रद्द, असा हिशोब दोन मिनिटांत झाला आणि अर्धी छावणी रिकामी सिलिंडरं खडखडवत एजन्सीकडे धावली. सायकलवर, हातगाडीवर, एकानं तर बाळाच्या ढकलगाडीत. मी मागून ओरडत होतो की अहो, मी पोराचं लिहिलं आहे, गॅसचं नाही. माझा आवाज एवढा मोठा, पण पळणाऱ्याला मागचं ऐकू येत नाही. मी परत येऊन फळा पुसला, "उशिरा" लिहिलं. पण ज्यांनी "रद्द" वाचलं होतं ते "उशिरा" वाचायला परत आलेच नव्हते. एजन्सीच्या दारात रेटारेटी झाली आणि कडुबाच्या पायावर भरलेलं सिलिंडर पडलं. भरलेलं. म्हणजे गॅस होता, मधुसूदनराव. पुरेसा होता. गोदाम भरलेलं होतं.

कडुबा आता पाय प्लास्टरमध्ये घालून दुकानात बसतो आणि मला दोष देत नाही, हेच मला जास्त लागतं. म्हणतो, "काका, तुमी काय मुद्दाम केलं व्हय? वरूनच तसं आलं."

यानंतरचं फक्त तुम्हाला लिहितो.

त्या गोंधळानंतर एका सकाळी, मालन पिण्याचं पाणी भरायला गेली असताना, इंद्रजीतचा फोन आला. आवाज तुटत होता. म्हणाला, बाबा, बाजूला नांगर टाकून उभं असलेलं जहाज पेटलं. किनाऱ्यावरून काहीतरी आलं आणि पेटलं. आमच्या डोळ्यांसमोर माणसं पाण्यात उड्या मारत होती, आम्ही दोर टाकले, काही जण हाती लागले. मी विचारलं, पण तोपर्यंत तर वाट पुन्हा खुली केली होती ना? तो म्हणाला, हो बाबा, केली होती. किनाऱ्यावर ज्याच्या हातात डागायची कळ होती त्याला कोणी सांगितलं नसेल. किंवा सांगितलं असेल आणि त्याला खरं वाटलं नसेल. मग म्हणाला, आईला सांगू नका, तिला झेपणार नाही. आणि फोन तुटला.

तेव्हापासून मी त्या कळवाल्याचाच विचार करतो. तो काही राक्षस नसेल. आपल्या पैठणच्या प्रवाशासारखाच असेल, बोचकं उचलून सारखा चारवरून नऊवर पळालेला, आणि शेवटी ठरवलं असेल की आता काहीही सांगोत, आपण सगळ्यात वाईट तेच धरायचं. असा एकेक माणूस प्रत्येक किनाऱ्यावर, प्रत्येक बोटीवर, प्रत्येक विमानात बसला आहे आणि कोणाचाच कोणाच्या बोलण्यावर भरवसा राहिलेला नाही. साहेब खोटं बोलतात याची मला एवढी भीती नाही. ते कधीतरी खरं बोलतील आणि तेव्हा कोणी विश्वास ठेवून बसून घेणार नाही, याची आहे. माझ्या एका खडूनं कडुबाचा पाय मोडला. त्यांच्या हातात केवढा मोठा खडू आहे.

त्या फोननंतर पोराचा फोन नाही. एजंटाच्या ऑफिसात विचारलं की तिथली मुलगी गोड आवाजात सांगते, सर्व कर्मचारी सुरक्षित आहेत. रोज तेच, त्याच चालीवर. मी त्या चालीतला माणूस आहे, मला कळतं की ती कागद वाचते आहे. मला भीती वाटते, मधुसूदनराव. उघड लिहितो. पहाटे जाग येते आणि कळत नाही की आपण अजून पोराचे बाप आहोत की नाही.

मालनला यातलं काही माहीत नाही. ती आता विचारतही नाही. पूर्वी घटकेघटकेला विचारायची ती एकदम गप्प झाली आहे. मला वाटतं तिनं मनाची समजूत घातली असावी, बायका घालतात. येसराचा डबा तिनं पुन्हा घट्ट लावून फळीवर ठेवला आहे. मात्र दोन दिवसांआड उघडून वास घेते आणि म्हणते, "ऱ्हाईल अजून." निशा दर आठवड्याला देवगावहून येते, दोघी आत बसून काहीतरी निवडत असतात, मी गेलो की बोलणं थांबतं. लग्नाच्या साड्यांचं असेल.

असो. तसं विशेष काही काम नाही. बऱ्याच दिवसांत पत्र नव्हतं म्हणून लिहिलं. तब्येतीला जपा, लिफ्टमध्ये जाताना डोळे मिटून घ्या. वहिनींना सांगा, इथल्या पेरूची आठवण काढू नका, यंदा गोड नव्हते.

तुमचा जुना सोबती,
सर्जेराव

ता. क. – काम नाही म्हणालो, पण एक आहे. तो कर्फ्यूचा दिवस तुम्हाला आठवत असेल. दुपारी अचानक शहर बंद झालं आणि स्टँडवर माणसंच माणसं अडकली. एकही गाडी सुटेना, एकही येईना, बाहेर काय चाललंय ते आगारप्रमुखालाही कळेना. मालन मला डबा द्यायला आली होती, तीही त्यात अडकली. मांडीवर इंद्रजीत, जेमतेम चालायला लागलेला. लोक फाटकाकडे सरकायला लागले होते. बाहेर पडले असते तर काय झालं असतं ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा तुम्ही माइक घेतलात. गावाचं नाव सांगितलं नाहीत, फलाट सांगितला नाहीत, वेळ सांगितली नाहीत. फक्त म्हणालात, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. गाडी येणार आहे. आपापल्या जागी बसून घ्यावं." थोड्या थोड्या वेळानं, तोच आवाज, तेवढंच वाक्य. आणि माणसं बसली हो. शिदोऱ्या सुटल्या, पोरं झोपली. सकाळी पोलिसांच्या गाडीमागून पहिली बस गेटात आली तेव्हा एकही माणूस जागचा हललेला नव्हता. मी नंतर तुम्हाला विचारलं की कशाच्या भरवशावर सांगितलंत? तुम्ही म्हणालात, गाडी कधी ना कधी येतेच, सर्जेराव, मी वेळ कुठं सांगितली? मालन अजून म्हणते, मधुसूदन भावजी बोलले म्हणजे खरं. माझं तिला आता खरं वाटत नाही, मी फळ्यावर घालवून बसलो. तर एवढं करा. एकदा मालनला फोन करा आणि त्याच आवाजात तेच वाक्य म्हणा. दातांची कवळी बसवून म्हणा.

ता. क. २ – माझा गुडघा आज धरला आहे, म्हणून हे पत्र पेटीत टाकायला मालनजवळच देतो. काळजी नको. ती दुसऱ्याचं पत्र वाचणारी बाई नव्हे. डिंक लावते, तिकीट चिकटवते, टाकते.

ता. क. ३ – भावजी, जय भीम. म्या मालन. डिंक लावायच्या आधी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नाय हे मलाबी कळतं, पण नवरा काय दुसरा हाय व्हय. ते जहाज पेटल्यालं मला ठावं हाय. इंद्रजीतनं त्याच सकाळी यांच्या आधी मला सांगितलं, म्या नळावर व्हते, निशा आल्याली व्हती, तिच्या फोनवर. म्हणला, आई, बाबांना सांगू नको, त्यांना झेपायचं नाय. म्हणून म्या विचारायचं बंद केलं. म्या विचारलं की यांचं तोंड उतरतं, मग लई वेळ पाणी पीत ऱ्हातात. निशा अन् म्या आत साड्यांचं बोलत नाय, आम्ही दोघी रडून घेतो. यांना रडता येत नाय, भावजी. पहाटं उठून फळ्यापाशी जातात अन् हातात खडू धरून उभे ऱ्हातात, काय लिहीत नाय. म्या उशीवरून बघते अन् झोपेचं सोंग घेते. तर तुमी फोन करा, पण मला नगं, यांना करा. मला सांगायला म्हणून करा, म्हंजी त्यांना कळायचं नाय. म्या इस्पीकर लावते. फलाट नका सांगू, येळ नका सांगू. नुस्तं गाडी येणार हाय म्हणा. आम्ही दोघं बसून घेतो.